'कॉयर', 'भजनी मंडळ' की 'गायनवृंद'?

नोव्हेंबर २०२५ च्या २२ व २३ तारखेस रोम येथे ज्युबिली वर्षातील एक विशेष सोहळा झाला. जगभरातील चर्चमधून गाणारे हजारो बंधुभगिनी त्यासाठी जमले आणि ख्रिस्तराजाच्या सणाची मिस्सा पोप लिओ चौदावे यांनी त्यांच्यासमवेत संत पीटर चौकात अर्पण केली. बातमी तशी लहान होती. परंतु ती मराठीत लिहावयास बसलो आणि पहिल्याच ओळीत लेखणी अडली. हा सोहळा कोणाचा म्हणावा? इंग्रजीत 'क्वायर' हा एक शब्द पुरतो. मी 'गायनवृंदांची ज्युबिली' असे लिहून मोकळा झालो. दोन दिवसांनी सोलापूरहून एका वाचकांचा फोन आला. "फादर, बातमी वाचली. गायनवृंद म्हणजे आमचं कॉयरच ना? की ते कॅथेड्रलचं काही वेगळं असतं?" त्यांच्यामागून एका भगिनीचा आवाज आला, "आणि आमचं भजनी मंडळ त्यात धरायचं की नाही, तेही विचारा."

त्या वेळी हसून उत्तर दिले. परंतु तो मागून आलेला प्रश्न काही मनातून जाईना. पुढे जानेवारीत सोलापुरास जाण्याचा योग आला. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस होते, शहर माणसांनी फुलले होते. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या फलकाकडे सहज लक्ष गेले. एकाच फलकावर एकाच आठवड्यात तीन सूचना होत्या : 'कॉयर प्रॅक्टिस सायं. ६ वा.', 'भजनी मंडळाच्या भगिनींनी थांबावे' आणि सणाच्या पत्रिकेत 'गायकवृंद गीते सादर करील'. ही तीन मंडळे नव्हती. थोड्याफार फरकाने तीच दहाबारा माणसे होती. फरक होता तो एवढाच, की 'कॉयर' म्हटले म्हणजे कीबोर्ड व माइकजवळची तरुण मुले, 'भजनी मंडळ' म्हटले म्हणजे झांजा घेऊन बसणाऱ्या मावश्या, आणि 'गायकवृंद' म्हणजे बिशप महोदय येणार असले म्हणजे छापावयाचा शब्द!

त्या मावश्यांपैकी एक आजी बाहेर पायरीवर बसल्या होत्या. त्यांच्याजवळ हाताने लिहिलेली गीतांची जीर्ण वही होती. मी विचारले, "आजी, आज तुमचा आवाज ऐकू आला नाही." त्या म्हणाल्या, "फादर, आधी आमी म्हनायचो. आता ती म्हनत्यात."

या एका वाक्यात आजच्या आपल्या उपासनेतील एक गंभीर प्रश्न सामावलेला आहे, असे मला वाटते. तो प्रश्न वाद्यांचा किंवा चालींचा नाही. मिस्सेत गाणारा कोण, हा तो प्रश्न होय. आणि आपण वापरतो ते शब्द त्याचे उत्तर नकळत देऊन टाकतात.

आजींनी वापरलेले क्रियापद पाहा. मराठी माणूस गाणे 'म्हणतो', आरती 'म्हणतो', जात्यावरची ओवी 'म्हणतो'. आपण कॅथोलिक लोक रोझरी 'म्हणतो' आणि धर्मगुरूंनी मिस्सा 'म्हटली' असेही बोलतो. म्हणण्यास कोणाची परवानगी लागत नाही, गोड गळाही लागत नाही. तोंड असले म्हणजे पुरे. भजन व कीर्तन मात्र आपण 'करतो'. तेथे गाणे हे कृत्य आहे. याउलट त्या पत्रिकेतील क्रियापद 'सादर करणे' हे होते. हे नभोवाणीचे व रंगमंचाचे क्रियापद आहे. जेथे काही सादर होते तेथे समोर प्रेक्षक असावे लागतात, आणि ते गप्प असावे लागतात. पत्रिका लिहिणाऱ्याच्या मनात असे काही नसेलच. सभ्य शब्द म्हणून त्याने तो घातला असेल. तथापि आजी गप्प बसल्या होत्या, हेही खरेच.

'भजन' या शब्दाविषयी आपल्यातील काही जणांच्या मनात आजही संकोच आहे. तो शब्द 'त्यांचा', आपला नव्हे, अशी ही भावना. काही घरांत तर 'भजन' म्हणजे झोपडपट्टीतले व 'हिम' म्हणजे शिकलेल्यांचे, असा अप्रिय भेदही ऐकू येतो. वस्तुतः 'भजन' हा संस्कृत 'भज्' धातूपासून आला आहे, आणि त्या धातूचा मूळ अर्थ वाटून घेणे, वाटेकरी होणे असा आहे. भाग, विभाग, विभाजन, भक्त व भक्ती ही सारी त्याच घरची मुले. आता दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेकडे वळा. ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध झालेल्या उपासनाविषयक संविधानाच्या चौदाव्या परिच्छेदात परिषदेने साऱ्या भाविकांचा उपासनेत पूर्ण, जाणीवपूर्वक व सक्रिय सहभाग मागितला. त्यासाठी वापरलेल्या लॅटिन शब्दाची घडण 'भाग' आणि 'घेणे' अशीच आहे. सेमिनरीत असताना आम्ही या लॅटिन शब्दावर पानेच्या पाने टिपणे काढली. पण त्याचा जुळा भाऊ आपल्या गल्लीतल्या भजनात बसला आहे हे आम्हांस कोणी सांगितले नाही, आणि आमच्याही लक्षात आले नाही.

'कॉयर' या शब्दाचे मला वावडे नाही. त्याचे मूळ ग्रीक 'खोरोस' या शब्दात आहे. प्राचीन ग्रीक नाटकात समूहाने नाचत व गात प्रसंगावर भाष्य करणारा मेळा तो खोरोस. लॅटिनमध्ये त्याचा 'कोरुस' झाला आणि पुढे युरोपातील मोठ्या चर्चमध्ये वेदीजवळची, गाणाऱ्यांची बसावयाची जागा हिलाही तेच नाव मिळाले. गोव्यात चर्चच्या मागील बाजूस वर असलेल्या सज्ज्याला 'कोर' म्हणतात तो शब्द याच कुळातला. माणसांच्या मेळ्याचे नाव जागेला चिकटले, आणि जागा एकदा वेगळी झाली म्हणजे माणसेही वेगळी होतात. 'कापेला' या शब्दाची गोष्ट आणखी मौजेची आहे. तूरचे संत मार्टिन यांनी आपला अंगरखा फाडून भिकाऱ्यास अर्धा दिला. तो पवित्र अवशेष म्हणून जेथे जपला गेला त्या देवालयास, अंगरख्याच्या लॅटिन नावावरून, 'कापेला' म्हणू लागले. पुढे तेथे गाणाऱ्यांचा संच म्हणजेही कापेला झाला. अर्धे वस्त्र वाटून देणाऱ्या संताच्या अंगरख्यावरून गाणाऱ्यांना नाव पडले, आणि आम्ही मात्र माइक वाटून घेण्यास तयार नसतो!

लोकांनी गावे की निवडकांनी, हा वाद फार जुना आहे. इ.स. ३८६ मध्ये मिलान शहरात राजमाता जस्टिना हिच्या छळाच्या काळात संत अम्ब्रोज आपल्या लोकांसह चर्चमध्ये अडकून पडले होते. लोक खचू नयेत म्हणून पौर्वात्य ख्रिस्तसभेच्या रीतीप्रमाणे स्तोत्रे व गीते सर्वांनी मिळून म्हणण्यास तेव्हा आरंभ झाला. ही हकीकत संत अगस्तीन यांनी आपल्या आत्मनिवेदनाच्या नवव्या खंडात नोंदविली आहे. बाहेर सैनिक आणि आत गाणारी सामान्य माणसे, असे ते चित्र आहे. आणि त्याच शतकात लाओदिकिया येथील धर्मसभेने मात्र नेमलेल्या गायकांखेरीज इतरांनी चर्चमध्ये गाऊ नये असा नियम केला. दोन्ही बाजूंना आपापली कारणे होती. अडाणी गोंगाटाची भीती खोटी नसते. ज्यांनी नाताळच्या मध्यरात्री ताल सोडून धावणारी मंडळी ऐकली आहेत त्यांना ती ठाऊक आहे.

२२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संत सिसिलियाच्या सणादिवशी, पोप दहावे पायस यांनी पवित्र संगीताविषयी प्रसिद्ध आज्ञापत्र काढले. नाटकी, ऑपेरा थाटाचे संगीत वेदीपासून दूर करणे हा त्यामागील हेतू उत्तम होता. परंतु चर्चमधील गायक हे उपासनेतील एक सेवापद पार पाडतात, म्हणून स्त्रियांना त्यात घेता येणार नाही, असेही त्यात म्हटले होते. ही अट पुढे सैल होत गेली आणि ५ मार्च १९६७ च्या पवित्र संगीतविषयक सूचनापत्राने चित्र स्पष्टपणे पालटले. गायकसंघ पुरुष व मुलगे यांचा असो, स्त्रीपुरुषांचा असो किंवा परिस्थितीनुसार केवळ स्त्रियांचा असो, त्यास मान्यता मिळाली. त्याच पत्रात आणखी दोन गोष्टी आहेत. गायकसंघाची जागा अशी असावी की तो जमलेल्या भाविकांचाच भाग आहे हे दिसावे. आणि सर्वच्या सर्व गायन गायकसंघाकडे सोपवून लोकांना त्यातून पूर्णपणे वगळण्याची प्रथा नापसंत ठरवावी. हे वाक्य येऊन आज साठाच्या आसपास वर्षे झाली आहेत.

आता 'वृंद' या शब्दाकडे येतो. हा शब्द कोरडा, पाठ्यपुस्तकी वाटतो अशी तक्रार सोलापुरातील तरुणांनी माझ्याकडे केली. परंतु हा आपल्या मातीत पिकलेला शब्द आहे. १३ व्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघण याच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ रचला. पंढरपूर व सोलापूरचा हा मुलूखही तेव्हा यादवांच्याच अमलाखाली होता. त्या ग्रंथात शार्ङ्गदेव 'वृंद' म्हणजे काय हे सांगतो. उत्तम वृंदात ४ मुख्य गायक, त्यांना साथ देणारे ८ समगायक, १२ गायिका, ४ बासरीवादक व ४ मृदंगवादक असावेत. मध्यम वृंद याच्या निम्मा आणि कनिष्ठ त्याहून लहान. बेरीज करून पाहा. उत्तम वृंदात गाणाऱ्या २४ जणांमध्ये निम्म्या स्त्रिया आहेत. रोमला जे मान्य करावयास १९६७ साल उजाडले, ते देवगिरीच्या या पंडिताने सातशे वर्षे आधी, काहीही विशेष सांगतो आहोत असा आव न आणता, लिहून ठेवले होते. (तो राजदरबारातील वृंद होता, वेदीजवळचा नव्हे, हे मान्य करून मी हे म्हणतो आहे.)

पुढे शार्ङ्गदेव वृंदाचे सहा गुण देतो. मुख्य गायकास अनुसरणे, एकमेकांत मिळून जाणे, तालाबरोबर चालणे, एकाचा सूर वा शब्द तुटला तर दुसऱ्याने तो सावरून घेणे, मंद्र, मध्य व तार या तिन्ही स्थानांत पोहोचण्याची शक्ती, आणि आवाजांची एकरूपता. यातील चौथा गुण वाचून मी थांबलो. एकाची त्रुटी दुसऱ्याने निभावून न्यावी, हा संगीताच्या शास्त्रातला नियम आहे. संत पौलाने गलतीकरांस एकमेकांची ओझी वाहण्याविषयी लिहिले ते आठवल्याशिवाय राहत नाही. सोलापुरातील त्या आजींचा आवाज वरच्या पट्टीत चिरकतो हे खरे आहे. सरावाच्या वेळी त्यांना तसे सांगण्यात आले, आणि मग त्या मागच्या बाकावर व पुढे पायरीवर गेल्या. सांगणारी मुलगी वाईट नव्हती. तिला 'कॉयर' चांगले करावयाचे होते.

सोलापूर जिल्ह्यात बसून या विषयावर लिहिताना पंढरपूरकडे पाठ फिरविता येत नाही. वारीच्या दिंडीत विणेकरी एक असतो, मृदंगी एखाददुसरा, आणि टाळकरी दोन रांगा करून समोरासमोर उभे असतात. विणेकऱ्याने किंवा गाणाऱ्याने चरण म्हणावा, टाळकऱ्यांनी ध्रुपद उचलावे आणि ते मागे चालणाऱ्या बायामाणसांपर्यंत पोहोचावे. युरोपातील मठांतही संन्यासी असेच दोन समोरासमोरच्या रांगांत उभे राहून स्तोत्रांचे चरण आळीपाळीने म्हणत आले आहेत. दोन्हीकडे मांडणी एकच आहे, आणि दोन्हीकडे ऐकणारा असा कोणी वेगळा उरत नाही. आपल्याकडे शाहिराच्या मागे उभे राहून सूर धरणाऱ्यांना 'झीलकरी' म्हणतात. शाहीर राम जोशी हे सोलापूरचेच. लावणीच्या फडातून ते पुढे कीर्तनाकडे वळले. तमाशात, पोवाड्यात आणि कीर्तनात मागून साथ धरणाऱ्याचे काम तेच राहते : पुढच्याचा शब्द उचलायचा आणि समोरच्यांपर्यंत नेऊन पोहोचवायचा. चर्चमधील गायकसंघाचे याहून नेमके वर्णन मला कोणत्याही परकीय पुस्तकात सापडलेले नाही.

आपल्या पूर्वसूरींनी हे ओळखले होते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये छापलेले 'ख्रिस्तपुराण' ओवीत रचले ते उगाच नव्हे. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा तो ग्रंथ लोकांनी एकत्र बसून ऐकावा व म्हणावा यासाठी होता. पुढे प्रोटेस्टंट बांधवांमध्ये, विशेषतः अहमदनगरच्या परिसरात, कृष्णराव सांगळे आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंग, पद व कीर्तन हे प्रकार ख्रिस्ताच्या सेवेस लावले. त्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातील टिळकांची गीते आज आपल्याही चर्चमध्ये म्हटली जातात. ती कोणी लिहिली हे म्हणणाऱ्यांना पुष्कळदा ठाऊकही नसते, यापेक्षा मोठे यश कवीस कोणते? सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनचे काम जुने आहे. तेथील आपल्या अनेक कुटुंबांच्या आजीआजोबांनी ही गीते पाटीवर गिरवून पाठ केली.

गीतांना काय म्हणावे, हाही प्रश्न याच घरातला आहे; तो थोडक्यात आटोपतो. संत पौल इफिसकरांस व कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रांत तीन प्रकार सांगतो. पहिला शब्द तंतुवाद्याच्या तारा छेडण्यावरून आलेला, म्हणजे आपले 'स्तोत्र'. हिब्रू भाषेत मात्र त्या दीडशे स्तोत्रांच्या संग्रहाचे नाव साधे 'स्तवने' असेच आहे. दुसरा 'हिम्नोस'. संत अगस्तीन म्हणतात, स्तुती हवी, ती देवाची हवी आणि ती गाऊन केलेली हवी. तीनपैकी एक जरी उणे असले तरी ते हिम्नोस नव्हे. तिसऱ्या प्रकारासाठी जुन्या मराठी भाषांतरात 'आध्यात्मिक प्रबंध' असा शब्द योजला आहे. आज 'प्रबंध' म्हटले की पीएच.डी. आठवते! पण भाषांतरकार चुकले नव्हते. 'संगीतरत्नाकरा'त 'प्रबंध' हा गेय रचनेचाच प्रकार आहे आणि त्यास एक संपूर्ण अध्याय दिलेला आहे. शब्द जिवंत ठेवणारे हात सुटले की शब्द असा विद्यापीठात जाऊन बसतो.

गेल्या काही वर्षांत आणखी एक शब्द आपल्या तरुणांत शिरला आहे : 'वर्शिप टीम'. नव्या प्रार्थनागटांतून तो आला, मोबाइलवरील चित्रफितींतून पसरला. त्यातील उत्साहाचे मी स्वागतच करतो. रिकाम्या सज्ज्यापेक्षा गिटार वाजविणारी चार मुले केव्हाही बरी. परंतु उपासना ही जर 'टीम'ची झाली तर बाकीच्यांनी काय करावे? क्रिकेटमध्ये टीम खेळते आणि उरलेले टाळ्या वाजवितात. त्यातच आता तयार संगीताची ध्वनिफीत लावून तिच्यावर गाण्याची सोय झाली आहे. ध्वनिफीत कोणासाठी थांबत नाही. म्हाताऱ्या माणसाचा श्वास एका चरणात पुरा पडला नाही तर मृदंगी हात आवरतो, पेटीवाला सूर धरून ठेवतो. यंत्र पुढे निघून जाते. शार्ङ्गदेवाचा चौथा गुण यंत्राला शिकविता येत नाही.

रोममधील त्या मिस्सेत पोप लिओ यांनीही संत अगस्तीनचा आधार घेत जवळजवळ हेच सांगितले. गायकसंघ हा रंगमंचावर उभा नाही, तो त्या समाजाचाच घटक आहे, आणि समाजास एकत्र आणणे हे त्याचे काम आहे, असा त्यांच्या प्रवचनाचा आशय होता. एकेकाळी उत्तम संगीत म्हणजे निवडकांचे संगीत असे मानणाऱ्या नगरीतून हा शब्द आला, याचे मोल अधिक.

तेव्हा सोलापूरच्या त्या फोनचे उत्तर मी येथे देतो. सराव करून, चार सूर सांभाळून, लोकांना चाल देणारा जो संच आहे त्यास आम्ही या बातमीपत्रात 'गायनवृंद' म्हणू. सोलापुरात या शब्दाची आणखी एक सोय आहे. पूर्व भागातील आपले तेलुगूभाषक बांधव 'बृंदम्' म्हणतात, कन्नडभाषक 'वृंद' म्हणतात. एकाच चर्चमध्ये तिन्ही भाषांच्या कुटुंबांना तो कळतो. 'कॉयर' ज्यांच्या तोंडी बसला आहे त्यांनी खुशाल म्हणावे. परंतु मिस्सेत जे घडते त्यास आम्ही 'भजन' म्हणू, मग ते अभंगाच्या चालीवर असो की चार सुरांच्या पाश्चात्त्य रचनेत. आणि त्याचे कर्ते म्हणून कोणा एका मंडळाचे नाव छापणार नाही. 'सादर केले' हे क्रियापद उपासनेच्या बातम्यांतून आजपासून वगळले आहे. आणि हो, सोलापूरच्या भगिनींना कळवावे की भजनी मंडळ त्या ज्युबिलीत निश्चितच धरलेले होते.

आजींच्या वहीविषयी सांगावयाचे राहिले. तीत साठपासष्ट गीते आहेत; त्यांपैकी निदान दहाबारा तरी मी कोणत्याही छापील संग्रहात पाहिलेली नाहीत. चाली त्यांना तोंडपाठ आहेत. त्यांच्या नातीने, म्हणजे त्या 'कॉयर'मधीलच एका मुलीने, त्या ध्वनिमुद्रित करून देण्याचे कबूल केले आहे. आपल्याही धर्मग्रामात, घरात अशा वह्या असतील, किंवा गाणाऱ्या मंडळींसाठी एखादा जुना शब्द रूढ असेल, तर गावाच्या नावासह आम्हांस अवश्य कळवावे.